कुर्त्याच्या बिलाला नंबर कशाला?

ठाण्यात गोखले रोडवरच्या एका दुकानात सोळा वर्षांची भाची कुर्ता घेत होती. कॅशियरने मान वर न करता विचारलं, "मोबाईल नंबर?" तिने दहा आकडे सांगितले, त्याने खात्रीसाठी ते मोठ्याने परत म्हटले, मागच्या रांगेने ऐकले. मग बर्थडे, "ऑफर येतील" म्हणून. मी मध्ये पडलो तर ताईच म्हणाली, "असू दे रे, सगळेच देतात."

घरी वाद रंगला तो मात्र वयावर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल. त्याची माहिती घ्यायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी. चुकलं तर दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून दीड वर्षाची मुदत आहे. भावोजी म्हणाले, "सोळा वर्षांची पोरगी काय लहान मूल? तुझ्या जर्मनीत बघ." मी म्युनिकला राहतो. जर्मनीत ऑनलाइन सेवांसाठी ही मर्यादा सोळा आहे. युरोपचा कायदा देशांना ती तेरापर्यंत खाली आणू देतो.

पण अठरा काय नि सोळा काय, कुर्त्याच्या बिलाला नंबर लागतोच कशाला? उद्या दुकानदार कायदा पाळायला निघाला, तर मुलीबरोबर आईचाही नंबर आणि ओळखपत्र मागेल. एकीचं वाचवायला दोघींचं द्यायचं! नंबरासाठी अडून बसणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच बजावलंय. काउंटरवर त्याचा पत्ता नाही.

म्युनिकमध्ये सगळं सोवळं आहे, असंही नाही. सुपरमार्केटात "कार्ड आहे का?" विचारतात, नाही म्हटलं की विषय संपतो. पण लोणी स्वस्तात हवं तर ॲप घ्या, ही मेख आहेच. फक्त नाही म्हणणाऱ्याकडे तिथे कुणी विचित्र नजरेने बघत नाही.

आपल्याकडे मॉलमधल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर नाव, शाळा, इयत्ता, पालकांचा नंबर सगळं लिहून घेतात. कागद म्हणून ती कायद्यातून सुटत नाही. मजकूर संगणकात चढला की तिलाही तेच नियम.

कॅशियर बिचारा काय करणार? नंबराचा रकाना भरल्याशिवाय बिल पुढे सरकतच नाही, असं त्याने मला पडदा वळवून दाखवलं. तो सक्तीचा रकाना काढून टाक, एवढं सॉफ्टवेअरवाल्याला सांगायला मालकाने २०२७ पर्यंत थांबायचं कारण नाही.