ब्याण्णव हजारांचा कागद

मंगळवारी संध्याकाळी आप्पा कट्ट्यावर आले, बसता बसता त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि काही न बोलता मास्तरांच्या हातात ठेवला. मास्तरांनी तो दोनदा वाचून माझ्याकडे सरकवला. खासगी श्रवणकेंद्राने दिलेले ते कोटेशन होते. दोन्ही कानांसाठी १६ चॅनेलची (म्हणजे आवाजाचे सोळा पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारी), चार्जिंगवर चालणारी श्रवणयंत्रे, छापील किंमत १,२४,००० रुपये, आजच नोंदणी केल्यास ९२,००० रुपये, आणि खाली बॉलपेनने मांडलेले बारा हप्त्यांचे गणित. मास्तरांनी आयुष्यभर गणित शिकवलेले असल्यामुळे त्यांनी लगेच सांगितले की, महिन्याला सात हजार सहाशे सदुसष्ट रुपये होतात.

यंत्रे हवी आहेत ती आप्पांच्या थोरल्या भावासाठी, ज्यांना आमचा सारा कट्टा दादा म्हणतो. दादा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या यंत्रमागांवर, होते. तिथे शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी बोलायचे, तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागे. अशा आवाजात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाचे ऐकणे सरसकट कमी होत नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात आणि मग आजूबाजूचे. म्हणून कोणीतरी बोलते आहे हे दादांना कळते, पण काय बोलते आहे ते कळत नाही. सुनेने साखर म्हटले की त्यांना भाकर ऐकू येते. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत टीव्ही इतका मोठा लागतो की खालच्या मजल्यावरच्यांना बातम्या फुकट मिळतात. दादांचे पेन्शन दोन हजारांच्या आत आहे आणि कुरिअर कंपनीत काम करणाऱ्या त्यांच्या मुलाचा पगार चोवीस हजार. हप्ता म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश पगार.

वाद पेटला तो मात्र किमतीवरून नव्हे. आप्पांनी त्या केंद्रात भीत भीत विचारले होते की, वृद्धांसाठी सरकारची काही योजना आहे असे ऐकतो, त्यातून यंत्र मिळाले तर चालेल का. टेबलापलीकडच्या बाई हसल्या आणि दादांच्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "सरकारी मशीन म्हणजे नुसता भोंगा असतो. वडिलांना तुम्ही रेशनचे तांदूळ खाऊ घालता का?" त्या क्षणी मुलाने मान खाली घातली आणि आधार कार्ड पुढे केले. आप्पांनी कसाबसा दोन दिवसांचा वेळ मागून घेतला. तेव्हापासून त्या मुलाला चार फोन आले आहेत.

"अहो, दादांनी जन्मभर रेशनचेच तांदूळ खाल्ले," आप्पा म्हणाले. "त्याच तांदळावर आम्ही भावंडे वाढलो."

शैलाताई महापालिकेच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात परिचारिका होत्या, निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली. त्यांचे म्हणणे असे की, विक्रीची ही रीत जुनीच आहे. यंत्राचे दोष-गुण सांगत बसण्यापेक्षा मुलाला लाज वाटायला लावणे सोपे जाते आणि लाज वाटलेला मुलगा पावती फाडतो. त्यांनी आणखी एक गोष्ट आवाज खाली आणून सांगितली. ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, त्यांनी एकाच केंद्राचे नाव का लिहिले, हेही विचारायला हवे होते. डॉक्टरांनी रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेऊ नये, असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेले आहे. महाराष्ट्रात २०१७ साली कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे याच कमिशनविरुद्ध, स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. मसुदा झाला, एवढेच.

यावर बाळू उसळला. कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान त्याचे आणि त्याचा मेव्हणा श्रवणयंत्रांच्या व्यवसायात आहे, त्यामुळे त्याची बाजू आम्हाला ठाऊकच होती. तरी तो बोलला त्यात तथ्य होते. जागेचे भाडे, तपासणीची ध्वनिरोधक खोली, ऑडिओलॉजिस्टचा, म्हणजे ऐकणे तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, पगार, हे सगळे यंत्राच्या किमतीतूनच निघते. म्हातारा माणूस वर्षभरात दहा वेळा सेटिंग बदलायला येतो आणि त्याचे कोणी वेगळे पैसे देत नाही. "सरकारी ठिकाणी दहा वेळा कोण उभे करून घेईल, सांगा," असे त्याने शैलाताईंनाच विचारले. शैलाताईंनी प्रामाणिकपणे कबूल केले की गर्दी असते, तारीख लांबची मिळते आणि म्हातारी माणसे कंटाळून येणे सोडतात. पण मग सेवेचे पैसे सेवेचे म्हणून लावावेत, असे त्यांचे मत पडले. मास्तरांनी त्याला जोड दिली की, श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, म्हणजे करात सवलत मिळाली असेही नाही, तरी एका सहीत बत्तीस हजार कमी होत असतील तर छापील किंमत मुळात कशाची होती. बाळूला त्याचे उत्तर देता आले नाही, आणि त्याने दिल्यासारखे केलेही नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

एवढ्यात अण्णांनी मध्येच आपला अनुभव सांगितला. त्यांच्याकडे असेच एक फुकटचे सरकारी मशीन आहे. कानात घातले की शिट्टी वाजते, भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो आणि माणसाचे बोलणे तसेच राहते. चार दिवस वापरून त्यांनी ते कपाटाच्या खणात टाकले, त्याला आता तीन वर्षे झाली. बाळूने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिले.

शैलाताईंनी शांतपणे विचारले की, हे मशीन मिळाले कुठे. अण्णा म्हणाले, वॉर्डातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात. कानाची तपासणी झाली होती का? नाही. किती ऐकू येते त्याचा आलेख काढला होता का? नाही. यंत्र नीट बसावे म्हणून कानाच्या मापाचा साचा घेतला होता का? तेही नाही, खोक्यातून काढून हातात दिले आणि फोटो काढला. मग ते सरकारी कसे, या प्रश्नावर अण्णा गप्प झाले. मला वाटते त्या संध्याकाळचे सगळ्यांत मोलाचे वाक्य ते न बोललेलेच होते. आपल्याकडे जे जे फुकट ते ते सरकारी, असा हिशेब पक्का बसलेला आहे. त्यामुळे वाढदिवसाच्या खोक्याची बदनामी थेट सरकारी योजनेच्या नावावर जमा होते आणि खासगी केंद्राला त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही.

खरी योजना काय आहे, हे मग शैलाताईंनी सविस्तर सांगितले. दिव्यांगांना साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. तिला चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. साठीच्या पुढच्या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली, तिच्या साधनांत चष्मा, काठी, कवळी यांच्याबरोबर श्रवणयंत्रही आहे. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, पण तिच्यात एकदाच तीन हजार रुपये खात्यावर येतात. तेवढ्या पैशांत खिशात ठेवायचे वायरचे यंत्र येईल, दादांना लागणारे येणार नाही. हे ऐकताना मास्तर हळूच म्हणाले की, त्यांच्यासारख्या, उत्पन्नाच्या मर्यादेत न बसणाऱ्या पेन्शनवाल्याला यातले काहीच लागू नाही, म्हणजे त्यांचे कान गेले तर त्यांना बाळूच्या मेव्हण्याकडेच जावे लागेल. हा मुद्दा खरा आहे आणि आमच्यापैकी कोणाकडेच त्यावर तोडगा नव्हता.

मग चर्चा चॅनेलवर आली. बाळू म्हणाला की, चार चॅनेल आणि सोळा चॅनेल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मास्तरांना त्यांच्या मुलीने एका अभ्यासाविषयी सांगितले होते. अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठात ४५ वयस्क माणसांना साधी आणि महागडी अशी दोन्ही प्रकारची यंत्रे महिना-महिनाभर वापरायला दिली, कोणते यंत्र कोणते हे त्यांना सांगितले नाही, आणि रोजच्या ऐकण्यात दोहोंमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. दोन्ही मात्र प्रत्येकाच्या कानाप्रमाणे नीट बसवून दिलेली होती. बाळूने लगेच हरकत घेतली की त्या लोकांची श्रवणहानी सौम्य ते मध्यम होती आणि दादांची त्याहून जास्त असेल. हरकत रास्त होती. पण दादांची श्रवणहानी नेमकी किती, हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हते, आणि इथे आप्पांनी सांगितले की तपासणीचे पाचशे रुपये भरले, पण अहवाल हाती मिळाला नाही. फाइल केंद्रातच राहते, असे त्यांना सांगण्यात आले.

शैलाताई एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. पैसे भरून केलेल्या तपासणीचा आलेख तुमचा आहे, तो हातात असेल तरच दुसऱ्या दारी जाऊन भाव विचारता येतो, आणि म्हणूनच तो देत नाहीत, असे त्या म्हणाल्या. उद्या सकाळी जा आणि आलेख घेतल्याशिवाय उठू नका.

आप्पांच्या मनात आणखी एक भीती होती, ती त्यांनी शेवटी बोलून दाखवली. महागडे यंत्र आत्ताच घेतले नाही तर दादांना विस्मरणाचा आजार होईल, असे केंद्रातल्या त्या बाईंनी सांगितले होते. हे निव्वळ खोटे असते तर सोडून देता आले असते. पण श्रवणहानीचा विस्मरणाशी संबंध आहे, हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या अहवालांतही आलेले आहे. मात्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ९७७ वृद्धांचा तीन वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा सगळ्यांचा मिळून विचार करता श्रवणयंत्रांचा त्या बाबतीत फायदा दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्या गटात मात्र आकलनशक्तीच्या ऱ्हासाचा वेग बराच कमी झाला. यंत्र वापरा, असे यातून जरूर निघते. आजच आणि ब्याण्णव हजारांचे वापरा, असे निघत नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली सुरू झाली, तेव्हापासून श्रवणयंत्र फुकट मिळते, त्यात घालायचे सेलसुद्धा. तरीही तिच्या सासूबाईंना खासगी दुकानांची पत्रे येतात की, आमचे यंत्र कोणाला दिसणार नाही. हे मी सांगितल्यावर अण्णा म्हणाले की, म्हणजे तिथेही लाजच विकतात.

बुधवारी आप्पा आलेख घेऊन आले. तो द्यायला पाऊण तास लावला, पण दिला. शैलाताईंनी तो दिव्याच्या खांबाखाली धरला. उजव्या कानाची लाल वर्तुळे आणि डाव्याच्या निळ्या फुल्या १००० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी वर होत्या आणि तिथून पुढे दोन्ही रेषा घाटाच्या उतारासारख्या खाली गेल्या होत्या, उजवी ७५ डेसिबलपर्यंत. त्यांनी बोट फिरवत दाखवले की स, श, फ ही अक्षरे या उतारावर राहतात, साखरेची भाकर होते ती इथे. दादांना लागेल ते कानामागचे डिजिटल यंत्र आणि त्यांच्याच कानाच्या मापाचा साचा. साचा सैल बसला की शिट्टी वाजते, हे त्यांनी अण्णांकडे पाहून सांगितले.

ठरले ते असे की, सोमवारी दादांना घेऊन वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जायचे. केंद्र सरकारची ही संस्था १९८३ पासून तिथे आहे. दाखल्याचे काय, कोणत्या योजनेत बसते, किती थांबावे लागेल, हे तिथेच विचारायचे आणि तोपर्यंत हप्त्याच्या कागदावर सही करायची नाही. दादरला गाडी बदलायची म्हणून आप्पांबरोबर मी जाणार आहे. अण्णांनीही खणातले मशीन खिशात टाकून येतो म्हटले, निदान त्यांचे कान तरी तपासून होतील.

बाळू दुकान बंद करायला उठला होता. जाता जाता थांबून त्याने शैलाताईंना विचारले की, कानामागच्या मशीनला सेल कोणता लागतो. बहुधा तेरा नंबर, केशरी स्टिकरचा, त्या म्हणाल्या, पण मशीन हातात येऊ दे. बाळूने खिशातल्या चिठ्ठीवर तेरा लिहून घेतले आणि आप्पांना म्हणाला की, दादांचे सेल माझ्याकडून न्या, खरेदीच्या भावात देईन, फक्त मेव्हण्याला सांगू नका.