शेवटचा दिवस गावात, आणि मग ओझरला

सहलीचा शेवटचा दिवस बहुतेक घरांत वाया जातो, या मतावर मी आता ठाम आहे. एक तर सकाळपासून बॅगा भरण्याचा घोळ चालू राहतो, नाहीतर "अगं ते राहिलंच की" म्हणत यादीतली उरलेली ठिकाणं त्या दिवशी कोंबली जातात. मग धापा टाकत स्टेशन किंवा विमानतळ गाठायचा, वाटेत एकमेकांवर खेकसायचं, आणि घरी पोचल्यावर कोणी विचारलं की "छान झाली सहल" म्हणायचं.

माझं म्हणणं साधं आहे. शेवटच्या दिवशी एकही नवीन 'प्रेक्षणीय स्थळ' घ्यायचं नाही. शहराचा जुना भाग पायी फिरायचा. जिथे पाय रेंगाळतील तिथे रेंगाळायचं. आणि विमान असेल तर विमानतळाकडे लवकर निघायचं, वाटेतलं बघत बघत जायचं. विमानतळ म्हणजे नुसती रांग लावायची जागा, असं आपण धरून चालतो. मोठ्या शहरांत ते खरंही असेल. नाशिकला मात्र विमानतळाचा, म्हणजे ओझरचा, रस्ता हाच सहलीचा एक भाग आहे, हे मी या फेब्रुवारीत पाहून आले.

आम्ही नागपूरचे. नाशिकला मावसबहीण असते. त्र्यंबकेश्वर झालं, वणीची देवी झाली, पांडवलेणीच्या पायऱ्या चढून झाल्या (सासूबाई माझ्या आधी वर पोचल्या, हे इथे नोंदवून ठेवते). शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस हातात. आमच्या ह्यांचं टुमणं, शिर्डी उरकून येऊ. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर, वर दर्शनाची रांग, आणि म्हणे उरकून येऊ! भाऊजींचं मत, गंगापूर धरणाकडे एखाद्या वायनरीत बसू. वायनरीबद्दल माझी तक्रार नाही, पण तिथलं वातावरण कुठल्याही मोठ्या शहराजवळ उभं करता येतं. मी दोघांनाही नाही म्हटलं. ताई म्हणाली, "चल, गंगेवर जाऊन गावातून येऊ." (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) संपला विषय.

मिसळीबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण नागपूरच्या माणसाने नाशिकच्या मिसळीवर बोललं की भांडण ठरलेलं. पापड, दही, शेवटी जिलबी, सगळा थाट आहे. रस्सा चांगला होता. पण तर्री म्हणजे काय हे आम्हाला शिकवू नका बाप्पा, एवढंच.

रामकुंडावर सकाळी गेलो तर तिथे सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. एका पायरीवर कोणाचे तरी अस्थी विसर्जनाला आलेले, डोकी भादरलेली, कोणी बोलत नाही. तीन पावलांवर शाळेच्या सहलीतली पोरं पाण्यात पाय सोडून ओरडतायत. पलीकडे एक बाई निवांतपणे गोधडी धुतेय. कोणाला कोणाचं काही वाटत नाही. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी असल्यामुळे खोदकाम, पत्रे, धूळ हेही आहेच. धूळ सोसत नसेल तर रुमाल बांधा, पण जा.

तिथेच दुतोंड्या मारुती उभा आहे. नाशिककर पूर मोजतात तो या मारुतीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, यावरून गावातले दुकानदार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात. ऑगस्ट 2019 मध्ये मारुती पूर्ण बुडाला होता. कपालेश्वराच्या पायऱ्या चढलो, तिथे शंकरासमोर नंदी नाही. नारोशंकराचं देऊळ 1747 चं, आणि त्याची ती मोठी घंटा वसईच्या 1739 च्या विजयाची. ताई ही माहिती चालता चालता, मागे न बघता सांगते. ऐकू आलं तर आलं.

काळारामापाशी मात्र मी थांबले. काळ्या दगडाचं देऊळ, मोठं आवार, चारी बाजूंनी ओवऱ्या. 2 मार्च 1930 ला याच देवळाच्या दारांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. देवळात पाऊल टाकता यावं एवढीच मागणी होती. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं लढवला, तरी दारं उघडली नाहीत. आणि मग 1935 मध्ये, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मी नागपूरची आहे. 1956 ची दीक्षाभूमी माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, दर दसऱ्याला ती गर्दी मी लहानपणापासून बघते. त्या गोष्टीची आधीची पानं इथे नाशिकच्या या दारांशी आहेत, हे पुस्तकातून ठाऊक होतं. पण त्या उंबऱ्यावर उभं राहून आत सहज पाऊल टाकणं निराळं. यादीतलं ठिकाण म्हणून आलो असतो तर दर्शन घेऊन, फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर पडलो असतो. वेळ होता म्हणून ओवरीत बसलो. शेजारी बसलेल्या एका आजोबांशी सासूबाईंनी गुडघेदुखीवर सविस्तर चर्चा केली.

पूल ओलांडून सराफ बाजार, आणि तिथून भांडी बाजार. माझ्या लेखी दिवसाचा खरा मुक्काम तोच.

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. आता दुकानांत निम्मा माल स्टीलचा आहे, पण अर्ध्या भिंती अजून पिवळ्या-तांबड्याच आहेत. घंगाळं, कळशा, समया, पूजेची तबकं, पुरणयंत्रं, एकात एक घातलेली पातेली थेट छतापर्यंत. सासूबाईंनी एक ठोक्याचा तांब्या उचलला. मी हातात घेऊन पाहिला. ठोके नखाएवढे, एकाच्या कडेवर दुसऱ्याची कड, गळ्याशी बारीक होत गेलेले. बोट फिरवलं की कळतं, कुठे हात एकसारखा चाललाय आणि कुठे कारागिराने मध्येच बैठक बदललीय. साच्यातून काढलेल्या तांब्यावरही हल्ली ठोक्यांची नक्षी असते, पण ती इतकी सारखी असते की बोटाला काहीच सांगत नाही.

दुकानदाराने वजन केलं, भाव किलोवर आणि घडणावळ वेगळी, असं सांगितलं. सासूबाईंनी घासाघीस केली. तो हसत म्हणाला, "आजी, वजनात मी काय कमी करू, तांबं आहे ते." शेवटी घडणावळीत थोडं सोडलं. मग त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "नाव घालू का?"

इथे आमच्या घरात पाच मिनिटं परिषद बसली. सासूबाईंना नातवाचं नाव हवं होतं. ह्यांचं म्हणणं, तुझं घाल, तू घेतेयस. सासूबाई म्हणाल्या, माझं नाव घरातल्या निम्म्या भांड्यांवर आहे, वाचायला कोण बसलंय. ठरलं नातवाचं. दुकानातल्या पोराने ते घरघरणारं पेन उचललं, तांब्या मांडीत धरला आणि टिंबांच्या अक्षरांत नाव, खाली तारीख, एका दमात उमटवलं. रेघ मारून घेतली नाही, काही नाही. पुराचं विचारलं तर दुकानदाराने पाठीमागच्या भिंतीवर खांद्याच्या वर हात नेऊन दाखवला, "इथवर." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

एवढं सगळं दोन-अडीच तासांत, पायी. खर्च तांब्याचाच काय तो. कोणत्याही सहल कंपनीच्या पत्रकात हे सापडणार नाही.

आता ओझर.

नाशिकचा विमानतळ म्हटला की निम्मे लोक तोंड वाकडं करतात. "लांब आहे, त्यापेक्षा मुंबईहून जा." मुंबईला जायचं म्हणजे कसारा घाट, भिवंडीची कोंडी, आणि हाताशी चार-पाच तास ठेवायचे. ओझर नाशिकपासून वीस-बावीस किलोमीटर. आग्रा रोडने आडगाव, मग दहावा मैल, तिथून जानोरीकडे वळायचं. तरी लोक लांब म्हणतात. जवळचं ते कमी प्रतीचं असणार, हा आपला जुना आजार आहे. आम्ही नागपूरकरही त्यातून सुटलेलो नाही.

जानोरीच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. फेब्रुवारीत घड भरलेले असतात. बऱ्याच बागांत प्रत्येक घडाला कागद गुंडाळलेला. ताईने सांगितलं, थंडीत रात्र गार आणि दिवसा ऊन, अशात हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक चढते, आणि मग निर्यातीचा भाव जातो. म्हणून घडाघडाला हाताने पेपर लावायचा. आम्ही गाडी बाजूला घेतली. एक बाई ओळीत चालत होती. घडाभोवती कागद फिरवायचा, वर चिमटीत धरून पिन मारायची, पुढचा घड. मान वर. दिवसभर मान वरच. वर्तमानपत्राचेच कागद होते. एका घडावर निवडणुकीची बातमी, शेजारच्यावर सोन्याचे भाव.

तेवढ्यात डोक्यावरून तो आवाज गेला. आकाश फाटल्यासारखा. आम्ही सगळे मान मोडून वर बघतोय, सासूबाईंनी कान झाकले, आणि ती बाई पिन मारतेय. तिने मानसुद्धा वळवली नाही. सुखोई लढाऊ विमान होतं, असं भाऊजी म्हणाले.

कारण ओझर म्हणजे आधी एचएएल, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा विमान कारखाना, आणि मग प्रवासी विमानतळ. 1964 मध्ये मिग-21 बनवण्यासाठी इथे कारखाना उभा राहिला. जुनी माणसं अजूनही "ओझर मिग" असंच म्हणतात. मिग गेलं, सुखोई आलं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये इथे तयार झालेल्या तेजसने पहिलं उड्डाण केलं. त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर 2025 मध्ये, हवाई दलाने मिग-21 ला निरोप दिला. म्हणजे ज्या विमानासाठी हा कारखाना उभारला ते इतिहासजमा झालं, आणि त्याच आवारात पुढचं विमान उडालं. धावपट्टी तीच, आपलं नागपूरचं विमानही तिच्यावरूनच धावतं. फोटोला बंदी आहे, मोबाइल पर्समध्ये ठेवा. त्यामुळे माझ्याकडे तुम्हाला दाखवायला एकही फोटो नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच नीट बघितलं गेलं.

प्रवाशांची इमारत 2014 मध्ये झाली, पण विमानं बरीच वर्षं येत-जात, बंद पडत राहिली. 2017 च्या शेवटी, लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत, इथून मुंबई-पुण्याला छोटं विमान सुरू झालं होतं. मला मुंबईच्या विमानाचा हट्टच चुकीचा वाटतो. ज्या गावाहून मुंबईला माणूस सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येतो, तिथे मुंबईचं विमान कोण घेणार? इथून दिल्ली, हैदराबाद, बंगळूर, नागपूर, गोवा अशी लांबची विमानंच चालणार. ज्यांना लहान शहरांत विमानतळ हवेत त्यांनी एवढं तरी ओझरकडून शिकावं. जिथे रेल्वेला रात्र लागते तिकडे उडा.

इमारत लहान आहे आणि तेच तिचं सुख आहे. गाडीतून उतरलो, बॅगा दिल्या, तपासणी झाली, बसलो. मध्ये दमायला वेळच नाही. सासूबाईंना व्हीलचेअर लागली नाही. एक सूचना, प्रसादाचा नारळ हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत अडतो. तांब्या मात्र बिनबोभाट गेला. तपासणीवाल्या मुलीने काढायला लावला, नाव वाचलं, आणि विचारलं, "नातू का?"

माझी एकच अपेक्षा. एवढा मोठा कारखाना पलीकडे, एवढ्या बागा अलीकडे, आणि आत बसलेल्या प्रवाशाला ओझर म्हणजे काय हे सांगणारं मला तरी ठळक काही दिसलं नाही. मिग-21 ची एक मोठी प्रतिकृती, चार फलक, आणि जानोरीच्या शेतकऱ्यांचा द्राक्षांचा एक गाळा, बस एवढं करा. सिंहस्थाला देशभरातून माणसं इथे उतरणार आहेत. त्यांना रामकुंड ठाऊक असतं, ओझर नसतं.

आमच्या ह्यांचं मत अजून बदललेलं नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. ते म्हणतात, समृद्धी महामार्गाने आपली गाडी आणली असती तर शिर्डीही झाली असती, विमानाचे पैसेही वाचले असते, आणि द्राक्षांच्या चार पेट्या डिक्कीत टाकता आल्या असत्या. पेट्यांचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. बाकीच्यासाठी कमेंटमध्ये या. नाशिककरांनी मिसळीवर बोलायचं नाही.