बॅकप्लेट आणि विंग: ‘जाड प्लेट, मोठी विंग’ या सल्ल्याचा प्रतिवाद

नवी बॅकप्लेट (पाठीवर सिलिंडर बांधायची धातूची प्लेट) आणि विंग (तिच्यामागची, हवा भरून डायव्हरला तरंगवणारी पिशवी) घेऊ पाहणाऱ्या स्कूबा डायव्हरांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याचा मथितार्थ असा: हे साहित्य आयुष्यात एकदाच घ्यायचे असते, म्हणून प्लेट स्टीलचीच आणि मिळेल तेवढी जाड घ्यावी, विंग सर्वात जास्त लिफ्टची, म्हणजे सर्वात जास्त वजन उचलणारी, घ्यावी, कारण लिफ्ट जितकी जास्त तितका धोका कमी आणि पृष्ठभागावर डोके पाण्याबाहेर राहण्याची खात्री अधिक, अशी विंग आज एका सिलिंडरला आणि उद्या दोन सिलिंडरांना चालते, तिच्यात दोन ब्लॅडर, म्हणजे आतल्या हवाबंद पिशव्या, असतील तर सोन्याहून पिवळे, खांद्याच्या पट्ट्यांना भरपूर गादी हवी, आणि जे सर्वात महाग तेच सर्वात टिकाऊ. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, यात मला शंका नाही. पण यातले जवळजवळ प्रत्येक विधान तपासून पाहिले की ते अर्धवट किंवा चुकीचे ठरते, आणि अशा चुकीची किंमत पाण्याखाली मोजावी लागते.

हा सल्ला मुळात कोठून आला असावा, हे आधी पाहणे उपयोगाचे आहे. बॅकप्लेटची ही रचना १९७९ मध्ये ग्रेग फ्लॅनगन यांनी उत्तर फ्लोरिडातील गुहांमध्ये बुड्या मारणाऱ्यांसाठी आणली आणि विल्यम हॉगार्थ मेन यांनी ती पुढे विकसित केली. त्या डायव्हरांच्या पाठीवर दोन मोठी सिलिंडरे असत. भरलेल्या दोन सिलिंडरांचे ओझे पेलायला मोठी विंग हवीच, म्हणून त्यांच्यासाठी हा हिशेब बरोबर होता. तोच हिशेब एका सिलिंडरवर, पातळ वेटसूट (अंग उबदार ठेवणारा, फेसाळ रबराचा सूट) घालून, १८ मीटरपर्यंत जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात बांधला की गफलत होते.

आता पहिला आणि सर्वात घातक मुद्दा: लिफ्ट जितकी जास्त तितकी सुरक्षितता अधिक. विंगने नेमके किती वजन उचलायचे असते, हे कागदावर मांडता येते. बुडीच्या सुरुवातीला सिलिंडरमध्ये असलेल्या हवेला वजन असते. ११ लिटरच्या, सुमारे २०० बार दाबापर्यंत भरलेल्या सिलिंडरात ही हवा अडीच ते पावणेतीन किलो भरते. दुसरी गोष्ट म्हणजे खोलीवर वेटसूट दाबला जातो आणि त्याचे प्लावक बल, म्हणजे वर तरंगवण्याचा जोर, घटते. समजा, तुमचा ५ मिलिमीटरचा सूट पृष्ठभागावर ५ किलो उचलतो आणि तुमच्या कमाल खोलीवर त्यातले ४ किलो गमावतो. बुडीच्या अखेरीला, जवळजवळ रिकाम्या सिलिंडरसह तरंगण्या-बुडण्याच्या सीमेवर राहता येईल एवढेच शिसे (बुडण्यासाठी अंगावर घ्यायचे वजन) तुम्ही घेतले असेल, तर विंगने जास्तीत जास्त ७ किलोंच्या आतबाहेर भार उचलायचा आहे. आणखी एक अट असते. साहित्य अंगावरून काढून पाण्यावर सोडले तर ते विंगच्या जोरावर तरंगले पाहिजे. भरलेले सिलिंडर, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारे उपकरण), स्टीलची प्लेट आणि प्लेटला अडकवलेले थोडे शिसे धरून हा आकडा ८ ते ९ किलोंवर जातो. म्हणजे १२-१३ किलो लिफ्टची विंग यात पुरेशी सवड ठेवून काम करते. मग २५ किलोंची विंग त्याच माणसाला काय देते? तिची वरची निम्मी क्षमता वापरावी लागत असेल, तर त्याने अनावश्यक शिसे घेतले आहे एवढाच त्याचा अर्थ; आणि वापरावी लागत नसेल, तर ते निव्वळ जास्तीचे कापड आहे.

हे जास्तीचे कापड निरुपद्रवी मात्र नसते. माझी पहिली विंग २७ किलोंची, घोड्याच्या नालेच्या आकाराची होती, आणि मी ती एका सिलिंडरवर वापरत असे. एका बुडीच्या अखेरीस वर येण्याआधीच्या सुरक्षा थांब्यासाठी ५ मीटरवर थांबलो असताना मी डाव्या कमरेजवळचा डंप व्हॉल्व्ह (विंगमधली हवा सोडणारी झडप) ओढला, तर चार-दोन बुडबुडे सुटले आणि तेवढ्यावर थांबले. तरीही मी वर सरकत होतो. दोन्ही कडा सिलिंडरभोवती वळून एकमेकींना जवळजवळ टेकल्या होत्या, आणि उजव्या बाजूची हवा त्या घडीत कोंडली होती. नालेच्या आकारात खाली जोड नसल्यामुळे तिला डावीकडे यायला वाटच नव्हती. जोडीदाराने सिलिंडरचा व्हॉल्व्ह धरून मला खाली ओढले नसते, तर तो थांबा तिथेच संपला असता. नंतर मी १३ किलोंची, सर्व बाजूंनी जोडलेली गोल विंग घेतली. तिच्यात हवा एका बाजूकडून दुसरीकडे खालूनही जाते, आणि व्हॉल्व्ह ओढला की ती निघते. इन्फ्लेटर (विंगमध्ये हवा भरणारे बटण) अडकून आपोआप हवा भरू लागला, तर हा फरक आणखी मोठा होतो: विंग जितकी मोठी, तितके ती तुम्हाला वर खेचण्याचे बल जास्त.

डोके पाण्याबाहेर राहील, या आश्वासनातही तथ्य नाही. विंगमधली हवा पाठीमागे असते. पृष्ठभागावर ती ताठ होईपर्यंत फुगवली की ती तुम्हाला पुढे झुकवते. ‘विंग तोंड पाण्यात दाबते’ या तक्रारीत थोडे सत्य आहे, हे मान्य केले पाहिजे, कारण छातीच्या दोन्ही बाजूंना हवा असलेले जॅकेट माणसाला अधिक उभे धरते. पण विंगमध्ये हनुवटी पाण्यावर येण्यापुरतीच हवा ठेवली, मांड्यांमधला पट्टा नीट ताणला आणि किंचित मागे रेललात, तर तासभर आरामात थांबता येते. बेशुद्ध माणसाचा चेहरा वर ठेवण्याची हमी विंगही देत नाही आणि जॅकेटही देत नाही. ते काम जीवरक्षक जॅकेटाचे आहे.

दुसरा मुद्दा स्टीलच्या जाड प्लेटचा. ३ मिलिमीटरची स्टीलची प्लेट साधारण अडीच ते तीन किलोंची असते. ॲल्युमिनियमची एक किलोच्या आतबाहेर. पाण्यात दोन्ही आपापल्या आकारमानाएवढे पाणी बाजूला सारतात, त्यामुळे समुद्रात तीन किलोंची स्टीलची प्लेट सुमारे २.६ किलो भरते आणि ॲल्युमिनियमची अर्ध्या किलोहून थोडी जास्त. थंड पाण्यात, जाड सूट किंवा ड्रायसूट (आत पाणी न येणारा सूट) घालून, ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर बुडी मारणाऱ्यासाठी हे दोन किलो वरदान आहेत, कारण तेवढे शिसे कमरेवरून उतरते आणि वजन फुप्फुसांच्या मागे, जिथे हवे तिथे बसते. पण उबदार पाण्यातला, ३ मिलिमीटरचा सूट घातलेला डायव्हर पाहा. तो आणि त्याचा सूट मिळून पाण्यात ३ किलो वर उचलले जातात, असे धरू. रिकामे होत आलेले १२ लिटरचे स्टीलचे सिलिंडर एक किलो, रेग्युलेटर एक किलो आणि स्टीलची प्लेट २.६ किलो खाली खेचते. शिशाचा एक तुकडाही न घेता तो दीड किलोने जास्त जड झाला. बुडीच्या सुरुवातीला २३२ बारच्या सिलिंडरातली हवा आणखी सव्वातीन किलोंची भर घालते. त्या क्षणी विंग फाटली तर जवळपास ५ किलो पायांच्या जोरावर वर न्यायचे आणि टाकून द्यायला शिसे नाहीच. त्याच माणसाने ॲल्युमिनियमची प्लेट घेतली असती, तर हा भार सव्वातीन किलोंच्या आसपास राहिला असता, आणि त्यातले अर्धा किलो शिसे टाकता आले असते. सहा मिलिमीटरच्या प्लेटचा विचार तर अशा माणसाने मनातही आणू नये. स्टील चांगले की ॲल्युमिनियम, हा प्रश्न त्यामुळे तुमचा सूट, तुमचे सिलिंडर आणि तुमचे पाणी सांगितल्याशिवाय सुटतच नाही.

हे सारे आकडे उदाहरणादाखल आहेत. स्वतःचे आकडे एका बुडीत काढता येतात. सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना पृष्ठभागावर उभे राहा, विंग पूर्ण रिकामी करा आणि नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाण्याची रेघ डोळ्यांशी आली आणि श्वास सोडताच हळूहळू खाली जाऊ लागलात, तर वजन बरोबर आहे. ही चाचणी आधी, खरेदी नंतर, असा क्रम मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

एकच विंग एका आणि दोन सिलिंडरांना चालते, हे विधान वरच्या हिशेबानेच गळून पडते. १२ लिटरच्या दोन भरलेल्या सिलिंडरांत साडेसहा किलोंच्या आसपास हवा असते, आणि विंग त्या दोहोंच्या कडेने बाहेर यावी इतकी रुंद लागते. तीच रुंदी एका सिलिंडरवर घडी होऊन बसते. ‘एकदाच घ्या’ ही गोष्ट प्लेटच्या बाबतीत मात्र बरीचशी खरी आहे: प्लेटवरच्या बोल्टच्या दोन भोकांमधले अंतर बहुतेक उत्पादक २८ सेंटीमीटरच ठेवतात, त्यामुळे प्लेट तीच ठेवून विंग बदलता येते.

दोन ब्लॅडरबद्दल थोडक्यात. वेटसूटमध्ये स्टीलच्या जड सिलिंडरांची जोडी वाहणाऱ्याला दुसरा आधार हवा असतो, हे समजण्यासारखे आहे. एका सिलिंडरच्या डायव्हरला मात्र दुसरा इन्फ्लेटर म्हणजे नकळत गळून हवा भरू शकणारी आणखी एक जागा असते.

गादीचा आग्रह कोरड्या जमिनीवरच्या अनुभवातून येतो. पाण्यात खांद्यांवर भार उरत नाही. गादी मात्र तरंगते आणि तिला बुडवायला आणखी शिसे लागते. ५ सेंटीमीटर रुंदीचा एकसंध पट्टा खांद्यात रुततो असे ज्यांना वाटते, त्यांनी तो बहुधा फार आवळलेला असतो. पट्ट्याखाली मूठ सहज जावी आणि हात मागे नेऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह गाठता यावा, एवढा तो सैल हवा. ज्यांच्या खांद्याला जुनी दुखापत आहे, त्यांनी एका बाजूला बकल बसवावे; त्यात काहीही कमीपणा नाही.

राहिली किंमत. माझी एक प्लेट चांगली महाग होती, आणि तिच्या कमरेजवळच्या खाचेची कड यंत्रावर कापल्यानंतर कोणी घासलीच नव्हती. पंचवीसेक बुड्यांनंतर पट्टा बाहेर काढला, तर तो कडेपासून पाऊण सेंटीमीटर कापला जाऊन तंतू लोंबत होते. तेव्हापासून मी प्लेट हातात घेतली की आधी प्रत्येक खाचेतून अंगठा फिरवतो. विंगमध्ये पाहायचे ते हे: बाहेरच्या कापडाला झिप असून आतले ब्लॅडर वेगळे विकत मिळते का, आणि इन्फ्लेटर, त्याची नळी व डंप व्हॉल्व्ह हे भाग सुटे बदलता येतात का. मग विंग घरी आणून जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह स्वतःहून उघडेपर्यंत फुगवावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी ती किंचित मऊ लागली तर घाबरू नये, रात्रीच्या गारव्यानेही तेवढे होते. पण ती पडलेली दिसली, तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कोठून येतात ते शोधावे. इन्फ्लेटरच्या बटणापाशी आले, तर तो खोलून धुण्याने बहुधा काम भागते. सांध्यातून आले, तर ती विंग त्याच दिवशी परत करावी.