पेशींचा तो हिरवा उजेड त्यांचा स्वतःचा नाही

‘पेशी एकमेकींशी बोलताना आपोआप उजळतात’ असं सांगत लुकलुकणाऱ्या हिरव्या पेशींचा व्हिडिओ फिरतोय. दृश्य खरं आहे, पण अर्थ चुकीचा लावलाय. उजळतं ते पेशीत मुद्दाम घातलेलं संवेदक प्रथिन. त्याचं मूळ जेलीफिशमध्ये. जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा यांच्या १९६२ च्या संशोधनातून त्यातलं मूळ चमकणारं प्रथिन पुढे आलं.

संदेश पोचला की पेशीतलं मोकळं कॅल्शियम एकदम वाढतं, साधारण दहापट. ते संवेदकाला चिकटतं, त्याचा आकार किंचित बदलतो आणि सूक्ष्मदर्शकातून निळा प्रकाश सोडला की ते प्रथिन अधिक हिरवं चमकतं. निळा प्रकाश बंद करा, सगळा अंधार! तरीही मला हे विलक्षण वाटतं: पेशीला न मारता तिच्यातला निरोप सेकंदासेकंदाला पाहता येतो.