चामोरू नृत्य बनावट आहे म्हणणाऱ्यांना

पॅसिफिक महासागरातल्या गुआम बेटावरच्या मूळच्या चामोरू लोकांच्या नृत्याबद्दल एक मजकूर खूप फिरतोय: "मूळ नाच स्पॅनिशांनी कधीच संपवला. आता दिसतो तो १९८० नंतर हवाईची नक्कल करून पर्यटकांसाठी रचलेला." यातलं एकेक विधान तपासू.

"मूळ काहीच उरलं नाही." १६६८ मध्ये जेझुइट या कॅथलिक पंथाचे स्पॅनिश पाद्री सान व्हितोरेस मिशन घेऊन आले. पुढची तीसेक वर्षं लढाया, रोगांच्या साथी आणि जबरदस्तीचं स्थलांतर. १७१० च्या शिरगणतीत चामोरू चार हजारही भरले नाहीत. त्या काळची पावलं कुणी नोंदवून ठेवली नाहीत, हे खरंच. पण पाद्र्यांच्या पत्रांवरून १७०० साली पॅरिसमध्ये छापलेल्या फ्रेंच जेझुइट ल गोबियांच्या ग्रंथात एक वर्णन आहे: बारा-तेरा बायका गोल करून, जागची न हलता उभ्या, पूर्वजांच्या कथा वेगवेगळ्या स्वरांत, एकमेकींत मिसळून गाताहेत, हातात शिंपल्यांचे खुळखुळे, त्यांचा ताल गाण्याला धरून. शिवाय कांतान चामोरिता हा गाण्याचा प्रकार टिकला. त्यात एकाने कडवं टाकायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे रचून उत्तर द्यायचं. १८९८ मध्ये बेट स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं; अमेरिकी नौदलाने शाळांत बंदी घातली तरी चामोरू भाषाही टिकली. याला 'काहीच नाही' कसं म्हणायचं?

"हवाईची नक्कल." उलट, हॉटेलांच्या मंचावर हवाईचा हुला आणि ताहितीचे नाच चालायचे आणि चामोरूंचं स्वतःचं जुनं काही दिसायचं नाही, ही खंत या कामाच्या मुळाशी आहे. चामोरू नृत्यगुरू फ्रँक राबोन यांनी १९८० च्या दशकात जुन्या नोंदी, दंतकथा आणि भाषा यांच्या आधारे नृत्यं बसवायला घेतली. शेजारच्या बेटांकडूनही ते शिकले. पॅसिफिकमधले लोक एकमेकांकडून शिकतच आलेत. स्पॅनिश काळातले बात्सू आणि सोतिस हे नाचही त्यांनी टाकून दिले नाहीत. तीही चामोरूंचीच शतकं होती.

"रचलेलं म्हणजे खोटं," हा खरा गाभा, आणि मला तो मुळीच पटत नाही. भरतनाट्यमचा आज शिकवला जाणारा क्रम तंजावरच्या मराठा राजांच्या दरबारात चार भावांनी १९ व्या शतकात बांधला. ते नावही १९३० च्या दशकात रुळलं. म्हणून त्याला कुणी बनावट म्हणत नाही. तीनशे वर्षं दुसऱ्यांच्या सत्तेखाली काढलेल्यांनी मात्र अखंड परंपरेचा पुरावा द्यायचा, हा कुठला न्याय?

"पर्यटकांसाठी." पर्यटकांपुढे प्रयोग होतात, त्यातून पथकं चालतात. पण २०१६ मध्ये पॅसिफिक कला महोत्सव गुआमवर भरला, तेव्हा यजमान चामोरू नाचले ते बेटाबेटांवरून आलेल्या नर्तकांपुढे. आणि तालमीत मुलं आधी चामोरू भाषेतली स्तोत्रं पाठ करतात. घरात इंग्रजीच ऐकत वाढलेल्या कित्येकांना ती भाषा तिथेच तोंडी बसते.