बेलभंडार

सकाळी पेपर उघडला आणि चहाच कडू लागला. बाबांच्या कारखान्यातला तो युनियन लीडर. त्याला म्हणे 'जीवनगौरव'! शाल, श्रीफळ, हसरा फोटो. नाव लिहीत नाही, जुन्या कॉलनीतल्यांना कळेलच.

संपाच्या गेट मीटिंगला यानेच आधी बेलभंडार उचलला होता. मॅनेजमेंटची खुर्ची घेणार नाही, खंडोबाची आण! मागोमाग सगळ्यांनी उचलला. बाबा घरी आले तेव्हा तळहात पिवळेधमक. आई म्हणाली, जेवायच्या आधी हात धुवा. ते म्हणाले, आज राहू दे. सहा महिन्यांत हा पर्सोनेल ऑफिसर.

सकाळपासून डोक्यात एकोणिसाव्या शतकातला आयरिश पुढारी विल्यम किओ घोळतोय. अ‍ॅथलोनचा खासदार, पेशाने वकील, वक्ता म्हणून एक नंबर. मार्च १८५२, कॉर्कची सभा. दुष्काळाने पिचलेली, जमिनीवरून हुसकावलेली कुळं आशेने बघतायत. हा देवाला साक्षी ठेवून गरजतो: जे सरकार कुळांना संरक्षण देणार नाही, कॅथलिकांविरुद्धचा कायदा मागे घेणार नाही, त्या सरकारला माझा पाठिंबा नाही. आणि डिसेंबरात ब्रिटिश पंतप्रधान अ‍ॅबर्डीनचं सरकार येताच साहेब आयर्लंडचे सॉलिसिटर जनरल! कायदा तिथेच, कुळं तिथेच. जोडीदार खासदार जॉन सॅडलियरही ट्रेझरीत, म्हणजे अर्थखात्यात, पदावर. त्याने पुढे बँक बुडवली आणि १८५६ मध्ये विष घेतलं. किओ? तो त्याच वर्षी न्यायाधीश झाला.

माझं डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीने. १८६५ मध्ये डब्लिनला फेनियनांचे खटले याच्याच पुढे. ब्रिटिश राजवट उलथवायला निघालेली ती शपथबद्ध पोरं. जॉन ओ'लिअरीला २० वर्षं, ओ'डोनोव्हन रॉसाला जन्मठेप. शपथ मोडलेला माणूस वर खुर्चीत, आणि शपथ घेऊन तिला चिकटून राहिलेले खाली पिंजऱ्यात! आमच्याकडेही तेच. संपातल्या लोकांना चार्जशीट द्यायला हाच फिरायचा.

बरं, कॅथलिक माणसाला तेव्हा एवढी पदं सहज मिळत नव्हती, मान्य. १८७२ मध्ये गॉलवेची निवडणूक रद्द करताना पाद्री मतदारांना धमकावतात असं तो बोलला, त्यातही तथ्य होतं. पण ते बोलायला तोंड कुणाचं? आयर्लंडभर त्याचे पुतळे जाळले लोकांनी. १८७८ मध्ये गेला, तोही दूर जर्मनीत.

दुपारपर्यंत असाच धुमसत होतो. बाबांना पेपर दिसू नये म्हणून घडी करून फ्रिजवर ठेवला. आत्ता चहा द्यायला गेलो तर पेपर त्यांच्या मांडीवर, चष्मा त्याच पानावर.

म्हणाले, "म्हातारा झालाय रे. त्याची पोरंही तेव्हा लहानच होती."

मग जरा वेळाने, "शाल बरी आहे."