हॅगलरला लुटलं म्हणताय, मग फेऱ्या मोजा

एप्रिल आला की ही गोष्ट फिरायला लागते. ६ एप्रिल १९८७, लास वेगास, मुष्टियुद्धाची लढत. तेव्हाचा विजेता मार्विन हॅगलर बारा फेऱ्या पुढे चालत राहिला, शुगर रे लिओनार्ड नुसता पळाला, एका पंचाने ११८-११० असा वेडगळ आकडा लिहिला आणि मिडलवेट या वजनगटाचा विजेतेपदाचा पट्टा दिवसाढवळ्या चोरीला गेला. हॅगलर माझाही लाडका. पण हा हिशोब काही जुळत नाही.

सगळी बोंब ११८-११० वर आहे, म्हणून आधी तेच. जो जो गुएरा यांनी लिओनार्डला १० फेऱ्या दिल्या आणि हॅगलरला २ (फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९). हे चुकलंच, त्यांची वकिली मी करणार नाही. पण तिन्ही पंचांच्या गुणांची बेरीज होत नसते, एका पंचाचं एक मत. लू फिलिपो यांनी ११५-११३ हॅगलरला दिले, डेव्ह मोरेटी यांनी ११५-११३ लिओनार्डला. गुएरांनी १०-२ ऐवजी ७-५ लिहिलं असतं तरी निकाल तोच. भांडायचंच तर मोरेटींशी भांडा! त्यांनी एक फेरी इकडची तिकडे केली असती तर ११४-११४ झाले असते, लढत बरोबरीत सुटली असती आणि पट्टा हॅगलरच्याच कमरेला राहिला असता.

आणि गुएरा त्या खुर्चीत आले कसे? तिथे इंग्लंडचे हॅरी गिब्ज बसायचे होते. हॅगलरच्याच गोटाने ते नकोत म्हणून सांगितलं, मेक्सिकन पंच चालून जाणाऱ्याला झुकतं माप देईल या आशेने. गिब्ज यांनी पुढे सांगितलं की त्यांच्या मते हॅगलर जिंकला होता. आता बोला.

'लिओनार्ड पळाला' हे अर्धंच खरं. गुण नुसतं चालून जाण्याला नसतात, चालून जाऊन लागलेल्या ठोशांना असतात. हॅगलरने सुरुवातीला आपला हुकमी डावखुरा पवित्रा सोडून उजवा घेतला. का, हे मला आजही कळत नाही. त्या फेऱ्यांत त्याचे ठोसे हवेत जाताना दिसतात आणि लिओनार्ड दोन-तीन मारून बाजूला झालेला असतो. ठोसे मोजणाऱ्यांचा आकडा असा: लिओनार्डचे ६२९ पैकी ३०६ लागले, हॅगलरचे ७९२ पैकी २९१. पंच हे आकडे बघत नाहीत, ठोशाचं वजनही त्यात येत नाही. पण नुसत्या पळणाऱ्याचे हे आकडे नव्हेत.

शेवटच्या तीस सेकंदांची तक्रार मात्र मला पटते. तीस सेकंद उरले की कोपऱ्यातून आरोळी यायची आणि लिओनार्ड भराभर हात चालवायचा, त्यातले बरेच ठोसे चापटीच्या जातीचे. एकदा आवाज बंद करून लढत बघा. प्रेक्षकांचा कल्ला गेला की दोन फेऱ्या तरी हॅगलरकडे सरकतात. पण नववी फेरी बघा. हॅगलरने त्याला कोपऱ्यात दाबून धरलंय, पाय जड झालेत, आणि तिथूनही लिओनार्ड तोडीस तोड उत्तर देतोय. याला चापट्या म्हणवत नाही.

'विजेत्याकडून पट्टा हिसकावूनच घ्यावा लागतो', हेही ऐकवलं जातं. असा नियम कुठेच नाही. गंमत म्हणजे १९७९ मध्ये तेव्हाचा विजेता वीटो अँटुओफेर्मोविरुद्धची लढत बरोबरीत सोडवली गेली आणि पट्टा न मिळता परतला तो हॅगलरच. तेव्हा अन्याय म्हणून ओरडणाऱ्यांना १९८७ मध्ये हाच दंडक कसा गोड लागतो? आपला तो बाब्या.

बारा फेऱ्या, मोठं रिंगण, जाड हातमोजे या लिओनार्डच्या अटी हॅगलरने वाढीव पैसे घेऊन मान्य केल्या होत्या. तो विषय तिथेच संपतो.

माझ्या कागदावर ११५-११३ लिओनार्ड आहे. आठवी फेरी दोनदा खोडलेली आहे.